मऊ बदकाची चौकशी

‘ताई, हे तोंडात घातलं तर चालतं ना?’ लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. किंमत त्यानंतर. सेलूत दुकान टाकलं आणि हा प्रश्न रोज कानावर येऊ लागला. विचारणाऱ्यांत पहिलटकरणी असतात, नातवंडाला कडेवर घेऊन आलेल्या आज्या असतात, शेतातून थेट बाजाराला आलेले बापही असतात. बदक, बाहुली, दात येताना चावायला द्यायचं कडं, काहीही हातात घेतलं की आधी दाबून बघतात, मग नाकाशी नेतात आणि मग माझ्याकडे बघतात. ‘हो, चालतं’ म्हणायला मला काहीच लागलं नसतं. पण माझी स्वतःची लेक तेव्हा रांगत होती आणि दिसेल ते तोंडात घालत होती. त्यामुळे तो प्रश्न गिऱ्हाइकाचा राहिला नाही, माझाच झाला.

माल मी काही हैदराबादच्या बेगम बाजारातून आणते, काही मुंबईहून मागवते. ठोक व्यापाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, ‘भाभी, सब फूड ग्रेड है.’ फूड ग्रेड म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर त्याने फोन दुसऱ्याकडे दिला आणि त्या दुसऱ्याने नव्या मालाचे फोटो पाठवून दिले. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या वक्ताला लाकडाचा खुळखुळा चोखत होती लेकरं, कुणाला काही झालं नाही.’ खरंच आहे ते. पण लाकडी खुळखुळा आता कुणाच्या दुकानात मिळतो? आहे ते सगळं प्लास्टिक, आणि त्यातही जे सगळ्यांत मऊ ते सगळ्यांत लहान लेकरासाठी.

हा मऊपणा येतो कुठून, ते मला कळलं शेजारच्या पाईप-मोटारींच्या दुकानात. बोअरचा कडक पाईप पीव्हीसीचा असतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अंगणात पाणी मारायची हिरवी नळीही पीव्हीसीचीच असते, हे मला माहीत नव्हतं. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी दोन्हींचे तुकडे माझ्या हातात ठेवले. एक वाकवायला गेलं तर तडकेल असा, दुसरा बोटाभोवती गुंडाळला जाणारा. ‘माल एकच हाय. ह्याच्यात तेल घातलंय म्हणून मऊ,’ काका म्हणाले. पीव्हीसी मूळचं कडकच. त्याला मऊ करायला जे तेलासारखं रसायन मिसळतात त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ पीव्हीसीत ते थोडंथोडकं नसतं. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, कधी त्याहूनही जास्त असू शकतं. म्हणजे नव्वद ग्रॅमचं बदक असेल तर त्यात तीस ग्रॅम हे ‘तेल’च. हा हिशेब मी काऊंटरवर बसून केला आणि बदकाकडे बघतच राहिले.

माझी मावसबहीण परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकलेली. सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, ज्याला आधी गृहविज्ञान म्हणायचे. ती रविवारी आली तेव्हा मी तिला पुढ्यात बसवूनच घेतलं. तिने आधी माझ्या पुतण्याची कंपासपेटी मागवली. पेटीत खोडरबर होतं, आणि त्याखाली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. दोन्ही एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना पट्टीवर खोडरबराच्या आकाराचा खड्डा उमटलेला दिसला. असं चिकटलेलं खोडरबर आपण सगळ्यांनी शाळेत असताना बघितलंय. उन्हाने वितळलं असेल असं म्हणून सोडून दिलंय. ‘वितळलं नाही गं,’ ती म्हणाली, ‘खोडरबर पीव्हीसीचं आहे. त्यातलं प्लास्टिसायझर बाहेर आलं आणि पट्टीत शिरलं. पट्टी त्याच्यामुळे मऊ पडली.’

सगळ्या गोष्टीचं मर्म या पट्टीत आहे, असं मला वाटतं. प्लास्टिसायझर हे प्लास्टिकच्या रेणूंना रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं. ते फक्त त्यांच्यामध्ये शिरून बसलेलं असतं, म्हणून हळूहळू बाहेर येतं. उष्णतेने लवकर येतं, तेलातुपाच्या संगतीत लवकर येतं, आणि चोखल्याने, चावल्याने येतं. जुनी बाहुली हाताला चिकट लागते, जुनं रेक्झिन कडक होऊन तडकतं, ही त्याचीच लक्षणं. पट्टीला जे झालं ते डोळ्यांना दिसलं. लेकराच्या लाळेत काय गेलं ते कसं दिसणार?

वासाने तरी कळावं? तेही नाही. ही रसायनं जवळजवळ बिनरंगी आणि बिनवासाची असतात. नव्या रेनकोटला किंवा नव्या बाहुलीला जो उग्र वास येतो त्यावरून आतलं प्लास्टिसायझर कुठलं, किती, काही सांगता येत नाही. आज्या नाकाशी नेऊन बघतात त्याचा खाऊला उपयोग होईल. इथे होत नाही. मोजायचं तर प्लास्टिकचे बारीक तुकडे करून द्रावकात उतरवावे लागतात आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रावर लावावे लागतात. असं यंत्र काही तालुक्याच्या गावी नसतं.

नावांचा मात्र मला अजूनही धसका आहे. या प्लास्टिसायझरांतलं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत बदनाम घराणं थॅलेट्सचं. त्यात डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयएनपी, डीआयडीपी, डीएनओपी अशी मंडळी. डीईएचपीलाच आपल्याकडचे कारखानदार आणि व्यापारी डीओपी म्हणतात, म्हणजे एकाच रसायनाला दोन नावं. त्याला पर्याय म्हणून वापरतात ते डीओटीपी. अक्षर एका ‘टी’चंच वाढलं, पण रेणूची रचना वेगळी, शरीरावरचा परिणाम वेगळा, आणि कायद्याने बंधन घातलेल्या थॅलेट्सच्या यादीत ते नाही. पाण्याची बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते त्याच्या पूर्ण नावातही ‘टेरेफ्थॅलेट’ आहे, पण त्याला मऊ करायला थॅलेट घातलेलं नसतं. मी एका वहीत हे सगळं लिहून काढलं, एका बाजूला वापरायची नावं, दुसऱ्या बाजूला टाळायची. तरी फोनवर व्यापाऱ्याशी बोलताना ‘डीओपी’ आणि ‘डीओटीपी’ यांत त्याने काय म्हटलं ते दोनदा विचारून घ्यावं लागतं.

आता यात वाईट काय? बहिणीने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. काही थॅलेट्स शरीरातल्या पुरुष-संप्रेरकांच्या कामात अडथळा आणतात. प्रयोगशाळेत गाभण उंदरांना ती दिली तेव्हा नर पिलांच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष आढळले. युरोपने डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी यांना प्रजननाला घातक ठरणाऱ्या रसायनांच्या वर्गात टाकलंय. ही रसायनं शरीरात वर्षानुवर्षं साठून राहत नाहीत, एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. मला हे ऐकून आधी हायसं वाटलं. पण ती म्हणाली, ‘निघून जातात ते खरं, पण रोज नव्याने आत जात असतील तर?’ लेकराचं वजन आठ-नऊ किलो, चोखणं दिवसभर, आणि वाढ नेमकी याच दिवसांत. मोठ्या माणसाच्या हिशेबाने जे नगण्य ते त्याच्या हिशेबाने नगण्य राहत नाही. एखादं बदक चोखलं म्हणून लेकरू आजारी पडेल असं कुणीच म्हणत नाही. घाबरवून माल विकणं जितकं वाईट तितकंच घाबरवून परत पाठवणंही वाईट, म्हणून मी हे गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगते.

जगात यावर पहिला मोठा बांध घातला तो युरोपीय संघाने. डिसेंबर १९९९ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांनी तोंडात घालावीत म्हणूनच बनवलेल्या मऊ पीव्हीसी खेळण्यांतल्या सहा थॅलेट्सवर तातडीची बंदी आली. ती पुन्हापुन्हा वाढवत नेली आणि २००५ मध्ये कायमची केली. मर्यादा ठरली ती वजनाच्या ०.१ टक्का. डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी यांच्यासाठी ती सगळ्याच खेळण्यांना. बाकीच्या तिघांसाठी तोंडात जाऊ शकतील अशा खेळण्यांना. अमेरिकेत २००७ साली खेळण्यांवरच्या रंगात शिसं सापडल्याने मोठा गदारोळ झाला, आणि ऑगस्ट २००८ मध्ये तिथे ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेचा नवा कायदा झाला. त्यातही थॅलेट्ससाठी तोच ०.१ टक्का. मला हा आकडा आधी फार कडक वाटला, मग त्याचा अर्थ लागला. मऊ व्हायला तीस टक्के लागतात आणि परवानगी दशांश टक्क्याची, म्हणजे हे रसायन ‘कमी घाला’ असं कायदा म्हणतच नाही. ‘याच्याने मऊ करूच नका, दुसरं काहीतरी वापरा,’ असं म्हणतो. दशांश टक्का ठेवलाय तो चुकून मिसळलेल्या अंशापुरता.

आपल्याकडे हा विषय उशिरा आला. जानेवारी २००९ मध्ये केंद्राने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत ती सैल करून प्रमाणपत्राची अट ठेवली. २०१० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातून खेळण्यांचे २४ नमुने घेऊन तपासले. एकूण एक नमुन्यात थॅलेट्स निघाली आणि ४५ टक्के नमुने परदेशांत मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्या वर होते. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने आयात खेळणी तपासली तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश नापास झाली. त्यानंतर २५ फेब्रुवारी २०२० ला केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू, देशातली असो की बाहेरची, भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याशिवाय आणि आयएसआय चिन्हाशिवाय बनवता येत नाही, आणता येत नाही, विकता येत नाही, साठवताही येत नाही.

‘विकता येत नाही’ आणि ‘साठवता येत नाही’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छातीत धस्स झालं. मला वाटत होतं की ही कारखानदाराची भानगड आहे. पण कायद्याच्या नजरेत दुकानदारही आहे. २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या गुन्ह्याला दंड किमान पाच लाख. माझ्या दुकानातला सगळा माल विकला तरी दोन लाख उभे राहणार नाहीत. मला राग मात्र आला नाही. शेवटी लेकराच्या हातात ते बदक देणारा हात माझाच आहे.

खेळण्यांचं मानक आयएस ९८७३, आणि त्याचे भाग आहेत. पहिला भाग टोकं, कडा, निघून घशात अडकतील असे लहान तुकडे यांचा. दुसरा चटकन पेट घेण्याचा. तिसरा शिसं, कॅडमियम अशा धातूंचा. चौथा घरगुती झोपाळे-घसरगुंड्यांचा. सातवा बोटांनी रंगवायच्या रंगांचा. आणि नववा थॅलेट्सचा. मी ज्याच्या शोधात होते ते या नवव्या भागात आहे. वर नावं सांगितली त्याच सहा थॅलेट्सची त्यात तपासणी असते.

पण माझ्या हातात हा नववा भाग कधी दिसतच नाही. बदकाच्या वेष्टनावर असतं ते नखाएवढं चिन्ह. वर मानकाचा क्रमांक, मध्ये आयएसआयची आकृती, खाली ‘सीएम/एल’ आणि त्यापुढे परवान्याचे आकडे. माझ्यासारखीला चष्मा लावूनही ते भिंगाखाली धरावे लागतात. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी ॲप आहे. सोन्याच्या हॉलमार्कचा नंबर तपासायला इथल्या सराफांकडे बायका ते वापरायला लागल्यात. त्याच ॲपमध्ये परवाना तपासायची सोय आहे. तो नंबर टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, कुठल्या वस्तूसाठी परवाना, कुठला ब्रँड आणि परवाना चालू आहे की बंद, हे सगळं समोर येतं.

नवा माल आला की खोकं फोडायच्या आधी आता मी हेच करते, आणि यात डोकं गरगरतं ते असं. एका खेपेला एका डब्यावर नंबर नीट छापलेला होता, ॲपमध्ये टाकला तर काहीच निघालं नाही. दुसऱ्यावरचा नंबर निघाला, पण तो खेळण्यांचा नव्हताच, भलत्याच वस्तूचा होता. तिसऱ्याचा नंबर बरोबर, वस्तूही खेळणीच, पण ब्रँडचं नाव वेगळं. हे तिसरं प्रकरण मला कळेना. एकच कारखाना दोन नावांनी माल काढतो म्हणावं, की कुणी दुसऱ्याचा नंबर उचलून चिकटवला म्हणावं? मी तो माल परत केला. पाठवणाऱ्याने गाडीभाडं माझ्यावर टाकलं आणि म्हणाला, ‘सारा परभणी जिला यही बेच रहा है.’ असेलही. ॲपमध्ये तक्रार नोंदवता येते, ती मी नोंदवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबरही आता भिंतीवर लिहून ठेवलाय, गिऱ्हाइकाला दिसेल असा. नवरा म्हणाला, ‘आपल्याच दुकानात आपल्याच तक्रारीचा नंबर कामून लिहायला लागलीस?’ लिहिला ते बरंच झालं. ज्यांना विचारायचा संकोच वाटतो ते तो बघून बोलतात.

चिन्ह खरं असलं तरी त्याचा अर्थ काय, हेही समजून घ्यावं लागलं. ब्युरो कारखान्याची तपासणी करतं, नमुने प्रयोगशाळेत पाठवतं, मग परवाना देतं, आणि पुढे कारखान्यातून आणि बाजारातून अधूनमधून नमुने उचलतं. माझ्या हातातलं हेच बदक कुणी तपासलंय असं नाही. त्याच्यासारखं बदक तपासलंय, आणि बनवणाऱ्याचा पत्ता सरकारला माहीत आहे. एवढंच, पण हे ‘एवढंच’ फार मोलाचं आहे. ज्या बदकामागे कुणाचा पत्ताच नाही त्याबद्दल जाब कुणाला विचारणार?

आणि बिनपत्त्याची बदकं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथे मी लहानपणापासून जाते. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्या, आणि खेळण्यांच्या रांगाच रांगा. गेल्या उरुसात मी त्या रांगांतून नुसती वेष्टनं बघत फिरले. बहुतेक माल सुटा. ढिगात ओतलेले प्राणी, दोरीला लटकवलेल्या बाहुल्या, ‘कोई भी ले लो’ म्हणून एकाच भावात विकायला ठेवलेले. चिन्ह नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. विकणारा पोरगा वीसेक वर्षांचा, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याचा यात दोषही नव्हता. तो ट्रकमधून उतरवलेला माल विकत होता. ढिगापाशी उकिडव्या बसलेल्या एका बाईने मऊ, गुलाबी डॉल्फिन उचलला, दाबून बघितला, हुंगला आणि कडेवरच्या लेकराच्या हातात दिला. लेकराने तो तिथल्या तिथे तोंडात घातला.

नियमाला एक सूटही आहे, आणि ती मला पटते. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेली खेळणी आणि भौगोलिक निर्देशन मिळालेली खेळणी यांना आयएसआय चिन्हाची सक्ती नाही. मानवतच्या एका बचत गटातल्या बायका सुती कापडाच्या बाहुल्या शिवतात. आत कापूस, आपल्याच भागातला. प्लास्टिसायझरचा संबंध नाही. त्या माझ्याकडे बाहुल्या ठेवायला आल्या तेव्हा मला त्यांना सांगावं लागलं की आधी कारागीर म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्या, मग मी ठेवते. त्यांना ते लागलं. ‘चीनचं प्लास्टिक चालतं आणि आमचा कापूस नाही चालत?’ त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. बाहुलीचे डोळे म्हणून त्यांनी गुंड्या टाचल्या होत्या, त्या ओढल्या तर निघत होत्या आणि घशात अडकू शकत होत्या. तेवढी एक गोष्ट मी दाखवली. आता त्या डोळे दोऱ्याने भरतात. नोंदणीचे कागदही त्यांनी दिलेत. तरी मला वाटतं की ज्या बायकांच्या मालात मुळात हा धोका नाही त्यांच्या दारात सरकारने स्वतः जायला पाहिजे, त्यांना खेपा घालायला लावू नये.

माझी खरी अडचण पुढेच सुरू होते. आदेश खेळण्यांचा आहे. लेकराला खेळणं आणि इतर वस्तू यांतला फरक कळत नाही. माझ्या दुकानात बाळाखाली घालायची रेक्झिनची चटई आहे, पावसाळ्यात मऊ प्लास्टिकचे रेनकोट असतात, शाळेच्या दिवसांत फळांच्या आकाराची, वासाची खोडरबरं जातात. खेळण्यांचा आदेश त्यांना लागू नाही. ती खोडरबरं पहिली-दुसरीतली पोरं सर्रास चावतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेच्या वस्तू तपासल्या तेव्हा काही खोडरबरांत डीईएचपी आणि डीआयएनपी सापडली होती. युरोपने पुढे नियम रुंदावला. जुलै २०२० पासून डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी या चौघांची मर्यादा तिथे खेळण्यांपुरती न ठेवता माणसाच्या अंगाला लागणाऱ्या किंवा घरात वापरल्या जाणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या इतर बहुतेक वस्तूंनाही लावली. आपल्याकडेही असंच व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. कंपासपेटीतली पट्टी मी ठेवून दिलीय, आणि कुणी शिक्षक दुकानात आले की त्यांना दाखवते.

‘बीपीए फ्री’ या लेबलाचाही खुलासा रोज करावा लागतो. बीपीए हे कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनवताना लागणारं रसायन. मऊ करायला घालतात ती थॅलेट्स वेगळी. म्हणजे मऊ कड्यावर ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं असलं तर ते खरं असेल, पण आपल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. दुधाच्या बाटल्यांचा कायदा तर वेगळाच आणि जुना, १९९२ चा. त्यांना भारतीय मानकाचं चिन्ह लागतंच, आणि त्यांची जाहिरात करायला मनाई आहे, हेही मला दुकान टाकल्यावरच कळलं. डब्यात, पिशवीत घातलेल्या खाण्याचा कारभार आणखी तिसऱ्यांकडे, अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची त्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम. आणि दवाखान्यात रक्ताची पिशवी मऊ राहते ती बहुधा डीईएचपीमुळेच. त्याच्यामुळे तांबड्या पेशीही जास्त दिवस टिकतात, म्हणून तिथे ते काढून टाकणं सोपं नाही. एकच रसायन, एका ठिकाणी लेकराच्या तोंडात नको आणि दुसऱ्या ठिकाणी जीव वाचवणाऱ्या पिशवीत हवं. हे ऐकल्यावर मला काही वेळ सुचेनासं झालं होतं. आता वाटतं की तपासणारे वेगवेगळे आहेत ते याच कारणाने, आणि दुकानदाराची दमछाक होते तीही याच कारणाने.

सध्या मी जे करते ते असं. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी कुणी काही मागितलं तर मऊ पीव्हीसीचं काढतच नाही. सिलिकोनचं कडं दाखवते, कारण सिलिकोनला मऊ व्हायला थॅलेट लागत नाही, पण त्याच्या वेष्टनावरचं चिन्ह आणि नंबर मात्र बघतेच. पीव्हीसीची बाहुली मोठ्या पोरीसाठी मागितली तर नंबर गिऱ्हाइकासमोर ॲपमध्ये टाकून दाखवते. जुनी चिकट झालेली बाहुली घरात असेल तर ती लेकराच्या हातून काढून घ्या, असं सांगते. खेळणं गरम पाण्यात उकळून काढायची सवय बऱ्याच आज्यांना आहे. मऊ प्लास्टिकचं असेल तर उकळू नका, साध्या पाण्याने साबण लावून धुवा, हेही सांगते. त्यामुळे विक्रीला वेळ लागतो. काही जण कंटाळून शेजारच्या दुकानात जातात. काही जण दुसऱ्या दिवशी जावेला, नणंदेला घेऊन परत येतात.

उरुसाच्या बाबतीत मी एक अर्ज लिहिलाय. मागणी एवढीच, की खेळण्यांच्या दुकानांना जागा देताना आयएसआय चिन्हाच्या मालाची अट करारात घालावी आणि विकणाऱ्यांना उरूस सुरू होण्याआधी एक दिवस हे ॲप वापरायला शिकवावं. छापे टाकून त्या वीस वर्षांच्या पोराचा ढीग उचलून नेला तर त्याचं घर बुडेल आणि ठोक व्यापारी पुढच्या ट्रकमध्ये तोच माल पाठवेल. अट आधीच घातली तर ट्रकच वेगळा भरून येईल. मावसबहिणीने अर्जात रसायनांची नावं तपासून दिली. गंगाखेडच्या आणि जिंतूरच्या दोन दुकानदारांनी सही केलीय, पाईपवाल्या काकांनीही केलीय. सेलूतल्या बाकीच्यांकडे या आठवड्यात जाणार आहे.